फुकट डेटाचा हिशेब: नेट न्यूट्रॅलिटी आणि झिरो रेटिंग

दुबईत किंवा अबू धाबीत नोकरीला असलेला माणूस घरी फोन करतो तो बहुधा 'बोटिम' या कॉलिंग ॲपवरून. व्हॉट्सॲपवर तो मेसेज पाठवतो, फोटो पाठवतो, पण त्याच व्हॉट्सॲपवरून कॉल लावला की लागत नाही. गल्फमध्ये कोणी ना कोणी असलेल्या गोव्यातल्या घरांना हे ठाऊक असतं. बरेच जण याचं खापर 'तिकडच्या नेटवर्क'वर फोडतात. नेटवर्क बिचारं ठणठणीत असतं. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून आवाजी कॉल देण्याची मुभा परवानाधारक ॲपनाच आहे, बाकीच्यांचे कॉल तिथल्या टेलिकॉम कंपन्या अडवतात. फोन तोच, सिम तेच, डेटाचे पैसेही भरलेले. तरी पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, कुठल्या ॲपचं आहे हे बघून त्याला सोडायचं की थांबवायचं, ते वाटेत ठरतं.

वाटेत असं काही ठरवू नये, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. हा शब्दप्रयोग टिम वू या अमेरिकी कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ मध्ये रूढ केला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने तीन गोष्टी करायच्या नाहीत: एखादी सेवा अडवायची नाही, मुद्दाम संथ करायची नाही आणि डेटाचा दर सेवा बघून बदलायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी कोणालाही पटतात. खरा वाद झाला तो तिसऱ्यावर, कारण दर बदलतो तेव्हा तो बहुतेक वेळा कमी होतो, आणि कमी झालेल्या दराची तक्रार कोण करणार?

डेटा संपला तरी फेसबुक चालू राहील, अमुक ॲपवर गाणी ऐकलीत तर डेटा कापला जाणार नाही, असे पॅक म्हणजे झिरो रेटिंग. काही सेवांचा दर शून्य, बाकी सगळ्या इंटरनेटचा नेहमीचा.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी चढवताना पैसे गाडीच्या आकारावरून ठरतात, डिकीत काय आहे ते कोणी विचारत नाही. उद्या असा नियम आला की म्हापशाच्या एका ठरावीक दुकानाचा माल असेल तर गाडी फुकट, दुसऱ्या कोणाचा असेल तर पूर्ण भाडं, तर पहिल्या दिवशी लोक खूशच होतील. वर्षभराने पलीकडच्या चोडण बेटावर त्या एका दुकानाचाच माल दिसेल. आणि हा नियम करवून घ्यायला बोटवाल्याला कोणी काय दिलं, हे भाडं भरणाऱ्याला कधीच कळणार नाही.

मीटर कसा फिरतो

झिरो रेटिंग चालतं कसं हे समजलं की अर्धा वाद आपोआप समजतो.

तुमच्या फोनमधून निघालेलं प्रत्येक पॅकेट टॉवरमार्गे कंपनीच्या गेटवेत पोचतं. बाहेरच्या इंटरनेटकडे जायचं दार तेच. इथे पॅकेटांची वर्गवारी होते. मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे तुम्ही कोणाला काय लिहिलंत हे कंपनीला दिसत नाही. पण पॅकेट कुठल्या आयपी पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर, चाललंय हे दिसतं, आणि जोडणी सुरू होताना फोन ज्या सर्व्हरचं नाव पुकारतो ते नावही बहुतेक वेळा उघडं असतं. या दोन खुणांवरून पॅकेटचा गट ठरतो. प्रत्येक गटाला एक दर असतो, आणि बिलिंगची यंत्रणा तुमच्या शिलकीतून त्या दराने एमबी वजा करत जाते. 'फुकट' गटाचा दर शून्य, म्हणून शिल्लक हलत नाही. टॉवरवरची जागा, फायबर, वीज हे सगळं फुकट पॅकेटालाही तेवढंच लागतं. तो खर्च कंपनी कुठून तरी वसूल करणारच: ॲपवाल्याकडून, किंवा बाकीच्या डेटाच्या दरातून.

ही वर्गवारी जिथे जिथे चुकते, तिथे भुर्दंड ग्राहकाला. फुकट ॲपमध्ये आलेल्या बातमीच्या लिंकवर बोट ठेवलं की दुसरी साइट उघडते, आणि मीटर सुरू. पोस्टमधला व्हिडिओ यूट्यूबवरून येत असेल तर तोही फुकट गटाबाहेर. मोठ्या सेवा आपला मजकूर भाड्याच्या वितरण-सर्व्हरवर ठेवतात आणि त्याच पत्त्यावर दुसऱ्या शेकडो साइटही असतात, त्यामुळे कंपनीची पत्त्यांची यादी सतत शिळी होत राहते. ॲपचं अपडेट येतं प्ले स्टोअरवरून, ते फुकट नसतं. व्हीपीएन, म्हणजे सगळी वाहतूक एका मधल्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय, लावला तर सगळी पॅकेटं एकाच पत्त्याकडे जाताना दिसतात आणि सगळ्यांना पूर्ण दर लागतो. सर्व्हरचं नावही झाकणारं नवं कूटतंत्र आता पसरू लागलं आहे, त्याने वर्गवारी आणखी अवघड होते. म्हणजे एखादी सेवा फुकट द्यायची तर कंपनीला प्रत्येक ग्राहकाचं प्रत्येक पॅकेट कुठे चाललंय याकडे डोळा ठेवावा लागतो. खासगीपणाच्या बाजूने हा मुद्दा आपल्याकडे फारसा मांडलाच गेला नाही.

भारतात काय घडलं

दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे व्हॉट्सॲप पॅक, फेसबुक पॅक सर्रास विकले जात. १ जीबी थ्री-जीला दोनशे-अडीचशे रुपये पडायचे, त्यामुळे असे छोटे पॅक खपायचेही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने उलटा प्रयोग केला: स्काइप, व्हायबरसारख्या ॲपवरून केलेल्या कॉलच्या डेटाला जास्त दर. ओरड झाली आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. गोव्यासारख्या, दर दुसऱ्या घरातून परदेशी कॉल होणाऱ्या प्रदेशात तो टिकला असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

२७ मार्च २०१५ ला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २० प्रश्नांचा सल्लामसलत-कागद काढला. एप्रिलमध्ये एअरटेलने 'एअरटेल झिरो' आणलं: ॲपवाल्या कंपनीने एअरटेलला पैसे द्यायचे, ग्राहकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यात शिरणार होतं, पण लोकांचा रोष पाहून आठवडाभरात बाहेर पडलं. ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. (ते प्रसिद्ध करताना ट्रायने लोकांचे ईमेल पत्तेही जसेच्या तसे जगजाहीर केले, हा त्या काळातला एक वेगळाच गोंधळ.)

दुसरीकडे फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर फेब्रुवारी २०१५ मध्येच 'इंटरनेट डॉट ऑर्ग' सुरू केलं होतं. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, आणि टेलिकॉमच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्याच परिमंडळात मोडतो. त्याच वर्षी त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. विरोध करणारे मोफत इंटरनेटच्या विरोधात आहेत असं चित्र तेव्हा पानभर जाहिरातींतून रंगवलं गेलं. पण फ्री बेसिक्स म्हणजे इंटरनेट नव्हतं. फेसबुकच्या अटींत बसणाऱ्या साइटींची ती यादी होती. व्हिडिओ नको, मोठी चित्रं नकोत, जावास्क्रिप्ट नको, आणि सगळी ये-जा फेसबुकच्या प्रॉक्सी, म्हणजे मधल्या, सर्व्हरमधून. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाचकाला फेसबुक फुकट मिळालं असतं, पण गोव्यातल्या मराठी दैनिकाचं ई-पेपर त्या अटींत बसणं कठीण होतं, कारण छापील पान म्हणजे एक मोठं चित्रच. मग त्या दैनिकाने काय करायचं? बातम्या फेसबुकवर टाकायच्या, वाचक तिथे सोडायचा आणि जाहिरातीचे पैसेही तिथेच सोडायचे. काणकोणात घरगुती खोल्या भाड्याने देणारा किंवा काजू विकणारा स्वतःची साइट काढतो तेव्हा त्याचीही हीच गत. त्याच्याकडे फुकट यादीत शिरायला पैसे नसतात, आणि यादीबाहेरच्या साइटीवर जायला गिऱ्हाइकाला डेटा मोजावा लागतो.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढला: मजकुराच्या आधारावर डेटाचा दर वेगवेगळा ठेवता येणार नाही. मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड, शिवाय प्लॅन मागे घेण्याचा आदेश. तीन दिवसांत फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून काढून घेतलं. अडवण्यावर आणि संथ करण्यावर बंदी हा उरलेला भाग दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये मान्य केला, आणि नंतर तो कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत गेला. त्यामुळे आपल्याकडचं कवच दुहेरी आहे: दरांसाठी ट्रायचा नियम, वागणुकीसाठी परवाना.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

झिरो रेटिंगचे समर्थक सगळेच काही कंपन्यांचे भाट नाहीत. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं मिळालं तर वाईट काय, हा प्रश्न रास्त आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेनेही २०१२ पासून 'विकिपीडिया झिरो' या नावाने कितीतरी देशांत विकिपीडिया फुकट करून दिला होता, तोही कोणा कंपनीला पैसे न देता. २०१८ मध्ये तो उपक्रम बंद झाला. दरम्यान अंगोलात लोकांनी भलतीच शक्कल लढवली: फुकट असलेल्या विकिमीडियाच्या साठ्यातच चित्रपट लपवून ठेवायचे आणि तिथून उतरवून घ्यायचे. त्यांना ज्ञानकोश नको होता असं नाही, त्यांना सगळं इंटरनेट हवं होतं.

या मुद्द्याला चोख उत्तर ट्रायनेच डिसेंबर २०१६ मध्ये देऊ पाहिलं: ग्रामीण ग्राहकांना सरकारच्या सार्वत्रिक सेवा निधीतून महिन्याला १०० एमबी द्या, आणि त्यात काय बघायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. शिफारस कागदावरच राहिली, पण तिच्यातला विचार पक्का होता. मदत करायची तर एमबीत करा, यादीत नको.

त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, डेटा कवडीमोल झाला आणि वादातली धग गेली. नियमामुळे डेटा स्वस्त झाला असा दावा कोणी करत असेल तर तो ताणलेला आहे, स्पर्धेमुळे झाला. नियमाने एवढंच केलं की त्या स्पर्धेत कंपन्यांना 'आमच्याकडे अमुक ॲप फुकट' हे हत्यार वापरता आलं नाही, त्यांना सगळ्याच डेटाचा दर पाडावा लागला. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. डेटा महाग होईल तसा छोट्या फुकट पॅकचा मोह परत वाढणार, हे उघड आहे.

पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेल्या गोवेकरांनी दुसरं टोक पाहिलं असेल. तिथल्या 'मेओ' कंपनीचे २०१७ मधले पॅक जगभर गाजले: मेसेजिंगचा एक, व्हिडिओचा दुसरा, संगीताचा तिसरा, प्रत्येकात ठरावीक ॲपसाठी महिन्याला १० जीबी. युरोपच्या २०१५ च्या नियमात झिरो रेटिंगवर थेट बंदी नव्हती, म्हणून ते चाललं. सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने जर्मनीतल्या अशा पॅकविरुद्ध निकाल दिला आणि पुढच्या वर्षी जर्मन नियामकाने ते बंद करायला लावले. भारत तिथे पाच वर्षं आधी पोचला होता.

काय चालतं, काय नाही

रात्री बारा ते सकाळी सहा डेटा फुकट: चालतं, कारण काय बघता याच्याशी दराचा संबंध नाही. रोजचे १.५ जीबी संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर: चालतं, सगळंच सारखं संथ होतं. रिचार्जबरोबर एखाद्या ओटीटीचं सदस्यत्व फुकट: हेही चालतं, कारण सवलत सदस्यत्वाची आहे, डेटाची नाही, मालिका बघताना तुमचे जीबी जातातच. ही पळवाट आहे असं आमचं मत आहे. मोठ्या ओटीटीला दार उघडं आणि लहानाला बंद, हा परिणाम तोच; फक्त शब्दात नियम मोडत नाही.

नियमात दोन अपवाद लिहिलेले आहेत. आणीबाणीत दर कमी करता येतो, त्याची खबर सात कामाच्या दिवसांत ट्रायला द्यायची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने गोव्यात झाडं आणि विजेचे खांब पाडले, तशा वेळी आपत्ती व्यवस्थापनाची साइट फुकट ठेवली तर कोणी बोट दाखवू शकत नाही. दुसरा अपवाद बंद नेटवर्कचा. सरकारी कार्यालयांना पंचायतींपर्यंत जोडणाऱ्या गोवा ब्रॉडबँड नेटवर्कसारख्या जाळ्यात जे आतल्या आत फिरतं आणि इंटरनेटला शिवत नाही, त्याला हा नियम लागू नाही. पण नियम चुकवण्यासाठी इंटरनेटला 'बंद नेटवर्क' म्हणवून घेता येणार नाही, असंही तिथेच नमूद आहे.

नियमाबाहेरची आणखी काही प्रकरणं लोक हटकून नेट न्यूट्रॅलिटीच्या नावावर घालतात. डिसेंबरअखेर बागा-कळंगुटला नेट रांगतं, कारण एका टॉवरवर दहापट माणसं येतात. सगळ्यांचं सारखंच रांगत असेल तर तो भेदभाव नव्हे. हॉटेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर यूट्यूब बंद असणं ही त्या हॉटेलची, कॉलेजची मर्जी. परवान्याची अट टेलिकॉम आणि इंटरनेट कंपन्यांना आहे. सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाने बंद झालेली साइट हा वेगळा कायदा.

यूट्यूब पटकन उघडतं आणि स्थानिक साइट रखडते, याचं कारणही सहसा भेदभाव नसतो. गूगल, नेटफ्लिक्स यांचे साठवण-सर्व्हर टेलिकॉम कंपन्यांच्या जाळ्यातच बसवलेले असतात, तर स्थानिक साइट कुठल्या तरी दूरच्या स्वस्त सर्व्हरवर. दूरसंचार विभागाच्या २०१८ च्या चौकटीने ही वितरण-जाळी मुद्दाम बाहेर ठेवली. पैसेवाल्याचं सामान दाराशी आणि गरिबाचं लांब, ही विषमता नियमाने मिटलेली नाही, आणि ती मिटवायची कशी यावर कोणाकडे सोपा तोडगा नाही.

जिथे शिवण उसवते आहे

जुलै २०२० मध्ये ट्रायने एअरटेलचा 'प्लॅटिनम' आणि व्होडाफोन आयडियाचा 'रेडएक्स' हे प्लॅन थांबवायला सांगितलं. महागड्या प्लॅनवाल्यांना नेटवर्कमध्ये अग्रक्रम, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. इथे प्रश्न ॲपांचा नव्हता, माणसांचा होता: एकाच टॉवरवर काहींना पुढे घेतलं तर बाकीचे मागे जाणारच. फाइव्ह-जीमध्ये एकाच नेटवर्कचे वेगवेगळे पट्टे पाडता येतात, त्यामुळे हाच प्रश्न पुन्हा येणार. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या 'विशेष सेवां'ना चौकटीत मोकळीक आहे. गेमिंगचा वेगवान पट्टा त्यात बसतो का, खरी झटापट तिथे होईल.

दुसरी मागणी टेलिकॉम कंपन्यांच्या संघटनेची: मोठ्या ॲपनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण व्हिडिओ मागवतो ग्राहक, आणि त्या डेटाचे पैसे त्याने रिचार्जमध्ये आधीच दिलेले असतात. दक्षिण कोरियात असं शुल्क लागतं. गेमिंगचे थेट व्हिडिओ दाखवणाऱ्या 'ट्विच'ने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथला गाशा गुंडाळला, कारण नेटवर्कचा खर्च इतर बहुतेक देशांच्या दहापट पडतो म्हणून.

शंका आली तर

एखादं ॲपच संथ चालतंय असं वाटलं तर आधी वायफाय आणि व्हीपीएन बंद करा आणि फोन एका जागी ठेवा. 'वेहे' हे मोफत ॲप घ्या. ते अमेरिकेतल्या नॉर्थइस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलं आहे. ते एखाद्या ॲपची नोंदवून ठेवलेली वाहतूक तुमच्या नेटवर्कवरून पाठवतं, मग तीच वाहतूक ओळखू येणार नाही अशी विस्कटून पुन्हा पाठवतं, आणि दोन्ही वेग ताडून बघतं. ओळखू येणारी संथ आणि विस्कटलेली वेगवान, असं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी सतत दिसलं तरच ते गंभीर धरा. एकदा फरक आला तर त्याला अर्थ नाही, टॉवरवरची गर्दी मिनिटामिनिटाला बदलते. नेहमीच्या स्पीड टेस्टचा उपयोग इथे थोडाच, कारण तिचा सर्व्हर अनेकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. फास्ट डॉट कॉम मात्र नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. दोन्हींत वारंवार मोठी तफावत दिसली तर ती टिपून ठेवा.

डेटा जास्त कापला गेल्याची शंका असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲपवार डेटा वापर बघा, बिलाच्या चक्राची तारीख तिथे जुळवा, आणि तो आकडा कंपनीच्या ॲपमधल्या आकड्याशी ताडा. थोडा फरक नेहमीच असतो. हॉटस्पॉटवरून दुसऱ्याने वापरलेला डेटा ॲपवार यादीत वेगळा धरला जातो, तो विसरू नका.

तक्रार १९८ वर नोंदवा आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे ३९ दिवसांत निकाल अपेक्षित असतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. पण प्लॅनच भेदभावाचा असेल तर प्लॅनचं नाव, किंमत आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून ट्रायला जरूर लिहा. कंपन्यांना प्रत्येक नवा दर सात कामाच्या दिवसांत ट्रायकडे नोंदवावा लागतो, आणि ते दर ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर कोणालाही बघता येतात. तिथे शोधताना गोव्यासाठी वेगळं परिमंडळ हुडकत बसू नका, महाराष्ट्राचं निवडा.